आईची मेटोप्रोलॉल सोडायची का?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय 58. दोन वर्षांपूर्वी बीपी 170/100 निघालं आणि बेळगावच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल 50 ची रोज एक गोळी लावली. आता बीपी 130/80 च्या आसपास राहतं. पण आई दमते, हातपाय गार पडतात, घरच्या मशीनवर नाडी 54-56 दिसते. मार्गशीर्ष पौर्णिमेला ती यल्लम्माला, सौंदत्तीला गेली, तिथून परस्पर लेकीकडे राहिली आणि गोळ्या घरीच राहिल्या. चौथ्या दिवशी रात्री छाती धडधडायला लागली, घाम फुटला, वरचं बीपी 190 झालं. गोळी परत सुरू केल्यावर दोन दिवसांत सगळं शांत. आता आई म्हणते, "ह्या गोळीची सवय लागली मला, मी सोडतो आता." शेजारी सांगतात की ही बीपीची गोळीच नव्हे, हार्टची आहे. मुलाला तीन गोष्टी हव्यात: गोळी सुरक्षित आहे का, सोडता येईल का, आणि चालू ठेवायची तर काय काय सांभाळायचं?

आईंना आधी एवढंच सांगा, की आजची गोळी आज घ्यायची आहे. बाकीचं आपण नंतर बोलू.

लेकीच्या घरी त्या रात्री झालं ते समजलं की निम्मे प्रश्न सुटतात. भीती वाटली, जिना चढलं, कुणाशी भांडण झालं की आपल्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन आणि त्याची भावंडं सुटतात. हृदयाच्या पेशींवर त्यांच्यासाठी दारं असतात, त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. मेटोप्रोलॉल त्या दारात जाऊन बसते (म्हणून ह्या कुळातल्या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात), म्हणजे हृदय सावकाश आणि कमी जोराने चालतं. मूत्रपिंडातून रेनिन नावाचा बीपी वाढवणारा पदार्थ सुटतो, तोही कमी होतो आणि बीपी उतरतं. पण शरीर गप्प बसत नाही. महिनोन् महिने दारं अडवलेली राहिली की ते आणखी दारं तयार करतं. मग एके दिवशी राखणदार उठून गेला की नेहमीचंच अ‍ॅड्रेनलिन वाढलेल्या दारांतून आत घुसतं. त्यामुळे धडधड होते, घाम येतो, बीपी पहिल्यापेक्षाही वर जातं. हे बहुतेक वेळा गोळी सुटल्यावर पहिल्या आठवड्यात होतं, आईंच्या बाबतीत चौथ्या दिवशी झालं. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला ह्याच दिवसांत छातीत कळ येऊ शकते, हार्ट अ‍ॅटॅकसुद्धा येऊ शकतो. ही दारू-तंबाखूसारखी सवय नव्हे. पण आईंनी जे अनुभवलं ते खरं आहे, तिला वेड्यात काढू नका.

गोळी एकदम बंद करायची चूक मी डॉक्टर असून स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. वडगावचा एक विणकर, साठीचा माणूस, अ‍ॅटेनोलॉल 50 वर (मेटोप्रोलॉलचीच बहीण) होता. चक्कर येते म्हणून आला. नाडी मोजली, 50 भरली. मी केसपेपरवर लिहिलं, "अ‍ॅटेनोलॉल बंद", आणि दुसरी गोळी लिहून दिली. पाचव्या दिवशी माग चालवताना त्याच्या छातीत दुखायला लागलं, दाखल करावं लागलं. वाचला, आणि पुढे कित्येक वर्षं माझ्याकडेच येत राहिला. मी कुठलीही गोळी बंद करायची म्हटलं की गालातल्या गालात हसायचा. तेव्हापासून ह्या गोळ्यांपुढे मी नुसतं "बंद" लिहीत नाही. "अर्धी, अमुक तारखेपर्यंत, मग एक दिवसाआड अर्धी, अमुक तारखेपर्यंत" असं लिहितो आणि मधे एकदा बोलावतो. साधारण एक ते दोन आठवडे लागतात, हृदयविकार असेल तर त्याहून जास्त. नाडी फारच पडली असेल, माणूस बेशुद्ध होत असेल, ईसीजीत हार्ट ब्लॉक (ठोक्याचा संदेश हृदयात मधेच अडणं) दिसत असेल तर मात्र गोळी ताबडतोब थांबवतात. पण ते दवाखान्यात दाखल करून, मॉनिटर लावून.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बीटा ब्लॉकर मुळात हृदयासाठीच शोधली गेली. जेम्स ब्लॅक ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात प्रोप्रानोलॉल तयार केली ती अंजायनाच्या, म्हणजे हृदयाच्या कळेच्या रुग्णांसाठी. 1988 साली त्यांना नोबेल मिळालं त्यात ह्या कामाचा मोठा वाटा होता. बीपी उतरतं हे नंतर ध्यानात आलं, आणि मग कित्येक वर्षं पुष्कळ ठिकाणी बीपीला पहिली गोळी म्हणून अ‍ॅटेनोलॉलच लिहिली जायची. आम्हीही तेच लिहायचो. 2002 मध्ये लाइफ ह्या नावाचा नऊ हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बीपी दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच उतरलं, पण लोसार्टन ही दुसऱ्या कुळातली बीपीची गोळी घेणाऱ्यांना पक्षाघात अ‍ॅटेनोलॉलवाल्यांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी झाले. पुढे 2006 साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी, नुसतं बीपी असेल तर पहिली गोळी म्हणून बीटा ब्लॉकरला मागे सारलं. आपल्याकडे 2017 च्या शेवटी सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनने करतात.

म्हणून तुम्ही डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो "सोडू का?" असा नको. "ही गोळी का दिली होती?" असं विचारा. उत्तरं बरीच असू शकतात. अंजायना, झालेला हार्ट अ‍ॅटॅक, हृदयाचा पंप कमजोर असणं, अनियमित ठोके, अर्धशिशी, वाढलेला थायरॉइड, किंवा त्या दिवशी नाडी 110 होती एवढंच. यातलं काही असेल तर मेटोप्रोलॉल दुहेरी काम करते आहे, तिला हात लावू नका. पंप कमजोर असलेल्या माणसाला तर ती आयुष्य देणारी गोळी आहे. यातलं काहीच नसेल, ईसीजी चांगला असेल आणि आई गोळीने खरोखर दमत असेल, तर डॉक्टर सावकाश उतरवून दुसरी गोळी लावू शकतात. मी त्यांच्या जागी असतो तर तुमच्या आईंच्या बाबतीत बहुधा तसंच केलं असतं. पण जुनी फाईल बघून, फाईल न बघता नाही.

आणि थांबा. थकवा, गार हातपाय, सावकाश नाडी हे तिन्ही मेटोप्रोलॉलने होतं हे खरं. पण 58 वर्षांच्या बाईत हे तिन्ही थायरॉइड कमी पडल्यानेही होतं, अगदी असंच. एक टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. साखर बऱ्याच दिवसांत बघितली नसेल तर तीही. गोळी बदलून तीन महिने घालवायचे आणि शेवटी थायरॉइड निघायचा, असं माझ्याकडे वर्षातून दोन-चारदा तरी होतं.

54-56 ही नाडी ह्या गोळीवर असलेल्या माणसासाठी घाबरण्याजोगी नाही. चक्कर नाही, अंधारी नाही, चालताना दम नाही, तर 50 ते 60 मधली नाडी चालते. पन्नासच्या खाली वारंवार जात असेल, किंवा पन्नासच्या वर असूनही तोल जातो, डोळ्यापुढे काळोख येतो असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं आणि ईसीजी काढायचा. मशीनवर नुसतं अवलंबून राहू नका, नाडी हाताने मोजायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला, पहिली दोन बोटं हलकी टेकवायची. आपला अंगठा लावायचा नाही, त्याची स्वतःची नाडी असते. घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजायचं. ठोके मधेच चुकत असतील तर तेही लिहून ठेवा. नाडी आणि बीपी मोजायचं ते सकाळी गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, पाय जमिनीला टेकलेले, मशीनचा पट्टा हृदयाच्या उंचीवर. चहा-कॉफी किंवा मिसरी लावून लगेच मोजलं तर आकडा खोटा येतो. मिसरीत तंबाखू आहे, तंबाखूत निकोटिन, आणि निकोटिन बीपीही वाढवतं, नाडीही. आमच्याकडच्या बायका ही गोष्ट डॉक्टरला सांगत नाहीत. "दात घासते" एवढंच सांगतात.

मुलाने पुण्याहून हातात बांधायला घड्याळ पाठवलं आणि रात्री दोन वाजता ते "हृदयाचे ठोके कमी" म्हणून वाजलं, असे फोन अलीकडे येऊ लागलेत. गाढ झोपेत नाडी कमीच होते, त्यात ही गोळी. जागेपणी बसून मोजलेला आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

आता सीमाभागातली एक खास भानगड, कारण माझ्या मते ह्या गोळीत आपल्याकडे सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. आपला माणूस एका डॉक्टरकडे थांबत नाही. बीपीला गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा बेळगाव, छातीत दुखलं की मिरज, गुडघ्याला गडहिंग्लज, ऑपरेशन म्हटलं की कोल्हापूर नाहीतर गोव्याला बांबोळी. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल. एक कागद कन्नडमध्ये, एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि गोळीच्या पाकिटावर कुणीतरी पेनाने "बेळिग्गे ओंदु" (कन्नडमध्ये "सकाळी एक") लिहिलेलं, जे आजीला वाचता येत नाही.

चार वर्षांपूर्वी उचगावकडची एक मावशी आली. सुनेने हात धरून आणलं होतं. खुर्चीत बसली तीच मान टाकून. मी मनगट धरलं, एक मिनिट मोजलं, 42. विचारलं, गोळ्या कुठल्या? तिने कापडी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. सात पट्ट्या, दोन पाकिटं, एक सुपारीची डबी. एक पट्टी अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटेनोलॉल एकत्र असलेली, बेळगावची. दुसरी मेटोप्रोलॉल, मिरजेची. दोन्ही बीटा ब्लॉकर. मावशी प्रामाणिकपणे दोन्ही घेत होती, कारण दोन्ही डॉक्टरांनी "ही गोळी कधी सोडायची नाही" असं बजावलं होतं. दोघांचंही बरोबर होतं. फक्त एकाला दुसऱ्याचा कागद दिसला नव्हता.

त्यामुळे घरी एक काम करा. पट्टीवरचं मोठं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते बघा. ज्या नावाचा शेवट "लॉल" असा होतो, ती बहुतेक बीटा ब्लॉकर: अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, नेबिवोलॉल, लॅबेटालॉल, कार्वेडिलॉल. असे दोन "लॉल" एकाच पिशवीत सापडले तर दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरकडे जा. यात डोळ्यांचे थेंबही धरायचे. काचबिंदूला टिमोलॉल देतात, तोही ह्याच कुळातला. थेंब डोळ्यात घातला तरी थोडा रक्तात जातो, म्हाताऱ्या माणसात नाडी उतरवायला तेवढा पुरतो.

मेटोप्रोलॉल आणि मेटफॉर्मिन ह्यांची नावं सारखीच सुरू होतात, कित्येक कंपन्यांच्या पट्ट्यांवरही "मेट" ठळक असतं. बीपी आणि साखर दोन्ही असलेल्या घरात ही गल्लत होते. मेटोप्रोलॉलमध्येही दोन जाती आहेत. टार्ट्रेट ही साधी, बहुधा दोनदा घ्यायची. सक्सिनेट ही दिवसभर हळूहळू सुटणारी, एकदा घ्यायची, आणि तिच्या नावापुढे बहुतेक वेळा ईआर किंवा एक्सएल असतं. दुकानदाराने "तेच आहे हो" म्हणून दुसरी दिली तर घेऊ नका. रिकामी पट्टी टाकू नका, तीच दाखवून नवी घ्या. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालते, फक्त जात तीच हवी.

हळूहळू सुटणारी गोळी चुरडायची नाही आणि चावायचीही नाही. कडोलीच्या एका आजोबांना दात नव्हते, गोळी घशात अडकायची. सून भली. रोज सकाळी पाटा-वरवंट्यावर गोळी चुरून ताकात ढवळून द्यायची. चोवीस तासांचं औषध तासाभरात पोटात. दहा वाजता आजोबा चक्कर येऊन अंगणात पडायचे, आणि संध्याकाळी बीपी वाढलेलं. सून म्हणाली, "रोज वेळेवर देतो की डॉक्टर, मग असं कसं होतंय?" गोळीवर मधे खाच असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याने अर्धी करता येते, अर्धा तुकडा मात्र आख्खा गिळायचा. गिळताच येत नसेल तर तसं सांगा, दुसरं औषध मिळतं. मेटोप्रोलॉल जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यावी, आणि रोज तशीच. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवून, असं नको. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

तुमच्या आईंना मधुमेह आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट पाठ करायची. साखर कमी झाली की माणसाचं काळीज धडधडतं, हात थरथरतात, ही शरीराची हाक असते. बीटा ब्लॉकर ती हाकच दाबते. घाम मात्र येतो, तो दाबला जात नाही. म्हणून संकष्टीला, एकादशीला, नवरात्रात उपास धरणाऱ्या बाईला अचानक गार घाम आला, ती गोंधळल्यासारखं बोलायला लागली, तर साखर तपासायची. मशीन नसेल तर तपासत बसू नका, साखरेचे तीन लहान चमचे पाण्यात विरघळवून पाजा. ती शुद्धीवर नसेल, गिळत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108 ला फोन करा. उपास धरायचा असेल तर मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं ते आधी विचारून घ्या. मेटोप्रोलॉल उपासालाही चालू राहते, साबुदाणा-रताळ्याबरोबर घेतली तरी चालेल.

दमा असेल तर ही गोळी शक्यतो नकोच. श्वासनलिकेतही बीटा दारं आहेत, आणि ती मोकळी राहिली तरच नळी उघडते. दम्याच्या पंपात भरलेलं औषध तीच दारं वाजवतं. प्रोप्रानोलॉल ती बंद करून टाकते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल मुख्यतः हृदयाच्या दारात बसतात, पण मात्रा वाढली की त्यांचाही पाय घसरतो. निपाणीकडची एक बाई, आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, छाती आधीच वाजणारी. शेजारणीच्या पट्टीतली प्रोप्रानोलॉल तिने "धडधडीला चांगली" म्हणून घेतली, आणि दोन रात्री खाटेवर बसून काढल्या. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ज्यांची छाती भरते, त्यांनी बीपीची गोळी लिहून घेताना "मला दम लागतो, पंप घेतो" हे वाक्य स्वतःहून बोलायचं. डॉक्टर विचारतीलच असं धरून चालू नका, तिसाव्या पेशंटला मीही विसरतो.

बरोबर काय घेता त्यावरही पुष्कळ अवलंबून आहे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेतली तर बीपी वर सरकतं, आणि मग "गोळी लागू पडत नाही" म्हणून मात्रा वाढते. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्यानेही तेच होतं. व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं बीटा ब्लॉकरबरोबर एकत्र आली तर नाडी धोकादायक खाली जाऊ शकते. उदासीनतेवरच्या फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ह्या गोळ्या मेटोप्रोलॉल रक्तात साचवतात. ह्यातलं काही चालू असेल तर लपवू नका.

सर्पगंधेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. सर्पगंधा खरंच बीपी उतरवते. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि तिचं नाव जगभर झालं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन काढलं गेलं. पण औषध खरं म्हणजे त्याचा परिणामही खरा. रेसर्पिन आणि बीटा ब्लॉकर एकत्र आले की नाडी आणि बीपी दोन्ही जास्त खाली जाऊ शकतात, उभं राहिल्यावर चक्कर येते, मन उदास होतं. बीपीच्या वटीवर सर्पगंधा लिहिलेलं असेल तर ती पट्टीही पिशवीत टाकून आणा. मी रागवत नाही.

ह्या भागात राहणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवायचं. भाताच्या शेतात, उसाच्या फडात साप चावला, तर दवाखान्यात पोचल्यावर साप कसला होता त्याबरोबरच "बीपीची मेटोप्रोलॉल चालू आहे" हेही सांगा. सापाच्या विषावरच्या लशीची काहींना जोराची अ‍ॅलर्जी येते, तिच्यावरचं औषध अ‍ॅड्रेनलिन. बीटा ब्लॉकरवर असलेल्या माणसाला ते नेहमीएवढं लागू पडत नाही, आणि डॉक्टरांना तयारी वेगळी ठेवावी लागते. इंजेक्शनची अ‍ॅलर्जी, मधमाश्यांचा हल्ला, सगळीकडे हेच लागू. दात काढायला किंवा मोतीबिंदूच्या शिबिराला जातानाही सांगा, पण आदल्या दिवशी स्वतःच्या मनाने गोळी बंद करून जाऊ नका. ऑपरेशनच्या दिवशी सकाळची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात.

घरात सून-लेक गरोदर असेल तर आईंच्या पट्टीतली गोळी तिला "बीपी वाढलंय" म्हणून देऊ नका. अ‍ॅटेनोलॉलने पोटातल्या बाळाची वाढ खुंटू शकते. गरोदरपणात लॅबेटालॉलसारखी वेगळी औषधं आहेत. आणि नातवंडं असतील तर पट्ट्या फळीवर, वर. लहान मुलाने ह्या गोळ्या खाऊ समजून खाल्ल्या तर एक-दोनसुद्धा जिवावर बेतू शकतात.

पुरुषांनी विचारायला लाजू नये असं एक आहे. ह्या गोळीने काहींना शरीरसंबंधात अडचण येते. मग ते कुणाला न सांगता गोळी सोडतात, आणि आठवड्याने छातीत दुखून येतात. सांगा, गोळी बदलता येते. रात्री विचित्र स्वप्नं पडतात हेही खोटं नव्हे, तेही सांगा.

आता आईंचं पुढचं. ह्या आठवड्यात टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि ईसीजी करून घ्या. रोज सकाळची नाडी आणि बीपी दहा दिवस वहीत लिहा. ती वही, जुनी फाईल आणि सगळ्या पट्ट्या घेऊन मूळ डॉक्टरांकडे जा आणि "का दिली" तो प्रश्न विचारा. त्यांनी गोळी उतरवायचं ठरवलं तर ते पंधरा दिवस भाताच्या रोप लावणीत किंवा लग्नाच्या धावपळीत पडणार नाहीत असे बघा. त्या काळात जड काम नको. छातीत दुखलं, धडधड थांबेना, दम लागला तर वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. लोणचं, पापड, सांडगी मिरची हे तेवढ्यापुरतं तरी ताटातून काढा, नाहीतर कुठल्या गोळीने काय झालं हे आम्हालाच कळत नाही.

आणि पुढच्या मार्गशीर्षात यल्लम्माला जाल तेव्हा गोळ्या दोन ठिकाणी ठेवा. एक पट्टी आईंच्या कमरेच्या पिशवीत, एक तुमच्या खिशात. जेवढे दिवस जाणार त्याहून आठवडाभराच्या जास्त. परतताना लेक "अजून दोन दिवस राहा की" म्हणणारच आहे.